रापणीचा वांटा

इतिहास म्हणजे राजे, लढाया आणि तह, ही समजूत आतां शाळेंतील मुलेंही सोडूं लागलीं आहेत. तरी कोंकणच्या किनाऱ्याचा इतिहास लिहावयास बसलें कीं आमची लेखणी आपोआप किल्ल्यांकडे वळते. मालवणचें नांव घेतांच सिंधुदुर्ग डोळ्यांपुढें उभा राहतो. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं कुरटे बेटावर त्याची पायाभरणी झाली, १७६५ सालीं इंग्रजांनीं तो घेऊन त्यास ‘फोर्ट ऑगस्टस’ असें नांव दिलें, १८१२ सालीं मालवण कोल्हापूरकरांकडून इंग्रजांच्या स्वाधीन झालें, हें सर्व आम्हीं पाठ केलेलें असतें. परंतु त्या किल्ल्याभोंवतीं जे खडक पाण्याखालीं दडून बसले आहेत, त्यांमधून होडी कोणत्या वाटेनें न्यावी हें ज्यांस ठाऊक होतें, आणि बेटाची पारख करण्याच्या कामीं ज्यांनीं महाराजांच्या माणसांस साह्य केलें असें परंपरा सांगते, त्या दर्यावर्दी लोकांविषयीं आमच्या ग्रंथांत चार ओळींपलीकडे फारसें कांहीं सांपडत नाहीं. १८८० सालीं प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरच्या दहाव्या खंडांत गाबीत लोकांची नोंद आहे. पण ती जातींच्या यादींतील एक नोंद. त्यांचा धंदा कोणता, हें तीवरून कळतें. त्यांस काय ठाऊक होतें, हें कळत नाहीं.

त्या न लिहिलेल्या ज्ञानाविषयीं, आणि गेल्या ६०-७० वर्षांत त्याच्यावर जो प्रसंग ओढवला आहे त्याविषयीं, प्रस्तुत लेखांत थोडेंसें लिहिण्याचा आमचा विचार आहे. विषय मासळीचा असल्यामुळें कांहीं वाचक नाक मुरडतील. परंतु ती ताटांत आल्यावर जे नाक मुरडीत नाहींत, त्यांनीं ती कोठून व कशी येते हें ऐकून घेण्यास हरकत नसावी.

कांहीं वर्षांपूर्वीं कार्तिकांतील एका सकाळीं आम्ही मालवणच्या दांडी किनाऱ्यावर फिरावयास गेलों असतां तेथें रापण ओढण्याचें काम चाललें होतें. वाळूवर माणसांच्या दोन रांगा. त्यांत म्हातारे, तरुण, आणि शाळा चुकवून आलेलीं दोनचार पोरेंही. आम्हीं कांहीं वेळ पाहिलें, आणि मग जोडे बाजूस ठेवून, थोड्या हौसेनें व थोड्या संकोचानें, दोरास हात घातला. अर्ध्या तासांत तळहात सोलवटून निघाले. जाळें किनाऱ्यास लागलें, मासळी वाळूवर पडली, वांटे झाले, आणि आम्ही निघणार तोंच एका म्हाताऱ्या रापणकरानें चार बांगडे आमच्यापुढें धरले. आम्हीं नको म्हटलें. तो म्हणाला, “मास्तर, दोरयेक हात लावल्यात, आता वाटो घेवक होयो.” त्याच्या स्वरांत आर्जव नव्हतें, उपकाराची भावनाही नव्हती. दुकानदारानें मोड परत करावी तितक्या सहजपणें तो आपला हिशेब पुरा करीत होता. ते बांगडे आम्हीं घरीं आणले. पण त्याचें तें वाक्य तेव्हांपासून मनांतून गेलेलें नाहीं.

रापण हें नांव जाळ्याचें आहे आणि तें ओढणाऱ्या मंडळीचेंही आहे. होडी दोराचें एक टोंक किनाऱ्यावर ठेवून निघते, जाळें पाण्यांत अर्धवर्तुळाकार सोडीत जाते, आणि दुसरें टोंक घेऊन दूरवर पुन्हां किनाऱ्यास लागते. मग दोन्ही बाजूंनीं ओढ सुरू होते. शेंकडों वांव लांबीचें असें जाळें एका कुटुंबास पेलण्यासारखें नव्हे. म्हणून प्रत्येक भागीदारानें आपल्या घरचा तुकडा आणावा, सर्व तुकडे जोडून एक रापण व्हावी, आणि जाळें, होडी व अंगमेहनत यांचा हिशेब धरून उत्पन्नाचे वांटे पडावेत, अशी वहिवाट पडली. देवाचा वांटा निराळा. ज्या घरांतील कर्ता पुरुष गेला त्या घरास अगदींच विसरूं नये असाही संकेत ठिकठिकाणीं असे; आणि वाटसरूनें दोरास हात लावला तर त्यानेंही रिकाम्या हातानें जाऊं नये, हें तर आम्हींच अनुभवलें.

या पद्धतीचें एक वैगुण्य असें कीं रापण माशाच्या मागें जाऊं शकत नाहीं. तिचीं दोन्ही टोंकें किनाऱ्यास बांधलेलीं. बांगड्याचा किंवा तारलीचा थवा जवळ येईल तेव्हांच ती टाकावयाची. एरव्हीं वाट पाहावयाची. पण थोडा विचार केला म्हणजे दिसून येतें कीं हें वैगुण्यच समुद्राचें संरक्षण होतें. जे थवे किनाऱ्याकडे वळले नाहींत ते वांचले, त्यांची वीण वाढली, आणि पुढच्या वर्षीं पुन्हां जाळ्यांत मासळी आली. १९६८ सालीं गॅरेट हार्डिन या अमेरिकन शास्त्रज्ञानें असा सिद्धान्त मांडला कीं सामायिक कुरणांत जो तो आपली गुरें वाढवीत जातो आणि अखेर कुरणच नाहींसें होतें. आमच्याकडील शिकलेल्या लोकांनीं तो डोळे मिटून मान्य केला. पुढें १९९० सालीं एलिनॉर ऑस्ट्रम या विदुषीनें स्वित्झर्लंडमधील कुरणें, जपानांतील गांवरानें, स्पेनमधील कालवे अशीं उदाहरणें घेऊन दाखवून दिलें कीं जेथें वापरणाऱ्यांनींच नियम केले व तेच ते पाळावयास लावतात, तेथें सामायिक संपत्ति शतकानुशतकें टिकते. २००९ सालीं त्यांस अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. दांडीच्या वाळूवर हें प्रमेय रोज सिद्ध होत होतें. पण तें इंग्रजीत लिहिलेलें नव्हतें, म्हणून तें आम्हांस वाचतां आलें नाहीं.

वाट पाहावी लागत असल्यामुळेंच रापणकराचें ज्ञान वाढलें. अमावास्या-पौर्णिमेचें उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग यांचा हिशेब त्याच्या बोटांवर असतो. पहांटे जमिनीकडून वाहणारा मतलई वारा किती वेळ टिकेल, याचा अंदाज त्यास घड्याळावांचून येतो. पाण्यावरची काळपट-तांबूस छटा, एकाच जागीं झेपावणारे पक्षी, रात्रीं पाण्यांत उमटणारी चमक, यांवरून थवा कशाचा व केवढा हें तो ताडतो. निरीक्षण, अनुमान आणि पडताळा हीच शास्त्राची रीत, असें आम्ही महाविद्यालयांत मुलांस सांगत असतों. येथें रीत तीच आहे. फरक इतकाच कीं प्रयोगशाळेंत अनुमान चुकलें तर चार गुण जातात. येथें तें चुकलें तर संध्याकाळीं चूल पेटत नाहीं.

या ज्ञानाचा सर्वांत मोठा नियम पंचांगांत बसविलेला आहे. पावसाळा तोंडावर आला कीं आगोटीस होड्या वर ओढून झांपांनीं शाकारतात, आणि श्रावणांतील पौर्णिमेस समुद्रास नारळ अर्पण केल्यावर त्या पुन्हां पाण्यांत लोटतात. शहरांतील सुशिक्षितांस हा एक गोड सण वाटतो. त्या दिवशीं नारळीभात करावयाचा, एवढाच त्याचा अर्थ. परंतु पश्चिम किनाऱ्यावर बांगडा व तारली यांच्या विणीचा मोठा काळ याच पावसाळी महिन्यांत येतो, आणि त्याच महिन्यांत खालचें थंड, सकस पाणी वर येऊन पिलांचें खाद्य वाढतें, हें आधुनिक सागरविज्ञान सांगतें. वादळाचें भय, देवतेचा धाक आणि विणीस अवकाश, या तिन्ही गोष्टी एका नारळांत सामावल्या होत्या. महाराष्ट्र सरकारनें जेव्हां पावसाळी मासेमारीस बंदी घातली तेव्हां बराच काळ तिची मुदत १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकीं जें आधीं येईल तोंपर्यंत, अशी होती. सरकारी आदेशांत हिंदु पंचांगाची तिथि यावी, हें आम्हांस मोठें अर्थपूर्ण वाटतें. २०१५ पासून पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची सारखी बंदी झाली, आणि तिथि कागदावरून गेली. नारळी पौर्णिमा बहुधा ऑगस्टांत येते. म्हणून बंदी पौर्णिमेपर्यंत वाढवावी अशी मागणी पारंपरिक मच्छीमार त्यानंतर वारंवार करीत आले आहेत. स्वतःच्या धंद्यावर अधिक दिवस बंदी मागणारा दुसरा कोणता वर्ग आमच्या देशांत आहे, हें वाचकांनींच सांगावें.

शास्त्रानें या लोकांपासून कांहींच घेतलें नाहीं असें मात्र नव्हे. ज्या बांगड्यावर मालवणचें जेवण चालतें, त्याचें शास्त्रीय नांव ‘रास्ट्रेलिगर कानागुर्ता’. यांतील ‘कानागुर्ता’ हा शब्द ना लॅटिन ना ग्रीक. पॅट्रिक रसेल या स्कॉटिश वैद्यानें विशाखापट्टण येथील माशांवर १८०३ सालीं एक सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांत तेथील तेलुगु कोळ्यांच्या तोंडचीं नांवें त्यानें जशींच्या तशीं लिहून ठेविलीं; आणि पुढें १८१६ च्या सुमारास क्यूव्हिए या फ्रेंच पंडितानें त्यांतूनच हें नांव उचललें. जगांतील सर्व प्रयोगशाळांत आज तें उच्चारलें जातें. परंतु तें ज्यानें सांगितलें त्या कोळ्याचें स्वतःचें नांव कोणी विचारून ठेविलें नाहीं. ज्ञान घ्यावें आणि ज्ञाता गाळावा, ही रीत तेव्हांपासूनची आहे.

स्वातंत्र्यानंतर देशांत मत्स्योत्पादन वाढविण्याचे प्रयत्न सुरू झाले. हेतु उत्तम होता. लोकांस अन्न हवें होतें, देशास परकीय चलन हवें होतें. १९५२ च्या करारानें नॉर्वेच्या साह्यानें केरळांत यांत्रिक मासेमारीची योजना निघाली. नायलॉनचीं जाळीं आलीं. कोळंबीस परदेशांत भाव मिळूं लागला तसे ट्रॉलर वाढले. सत्तरीच्या दशकांत कर्नाटकांत पर्ससीन जाळें आलें. हें जाळें माशांच्या थव्यास चोहोंकडून वेढतें आणि मग बटव्याची नाडी ओढावी तसा खालचा दोर ओढून तळ बंद करतें. त्यास किनारा लागत नाहीं, वाट पाहावी लागत नाहीं. थवा जेथें असेल तेथें तें जातें. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर ‘रांपणी’ या नांवानें हीच रापण चालत असे. पर्ससीन आल्यापासून थोड्याच वर्षांत ती जवळजवळ नाहींशी झाली. गोव्यांतील रापणकरांनीं तें पाहिलें आणि ते रस्त्यावर उतरले. मातान्ही सालदान्हा यांच्या पुढारपणाखालीं झालेल्या त्या चळवळीचें फळ म्हणून गोव्यांत १९८० सालीं सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला, आणि १९८१ सालीं महाराष्ट्रानेंही तसाच कायदा केला.

१९८१ हें वर्ष आमच्या विषयाच्या दृष्टीनें मोठें लक्षणीय आहे. १ मे रोजीं रत्नागिरीपासून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा जन्मास आला. त्याच वर्षीं वरील कायदा झाला. त्याच वर्षीं गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील डॉ. परुळेकर यांचा मालवणच्या सागरी जीवसृष्टीवरील निबंध प्रसिद्ध झाला. आणि त्याच वर्षीं दूर प्रशान्त महासागरांतील पलाऊ बेटांवरच्या कोळ्यांविषयीं रॉबर्ट जोहान्नस या शास्त्रज्ञाचा ग्रंथ निघाला. चंद्राच्या कलांनुसार कोणता मासा कोठें वितो याविषयीं त्या अशिक्षित म्हणविल्या जाणाऱ्या लोकांची माहिती तत्कालीन शास्त्रीय वाङ्मयाच्या पुढें होती, असें जोहान्नस यांनीं मोकळ्या मनानें लिहून ठेविलें. ते त्यांच्या होड्यांत बसले, त्यांस प्रश्न विचारले, आणि उत्तरें त्यांच्या नांवावर जमा केलीं. आमच्याकडे असा ग्रंथ लिहावयास मालवणहून अधिक योग्य स्थळ नव्हतें. तो कोणी लिहिला नाहीं, आणि तेव्हां तरुण असलेल्या आम्हां शिकलेल्या मंडळीस तो लिहावा असें सुचलेंही नाहीं.

त्याऐवजीं झालें तें असें. १९८७ सालीं सिंधुदुर्ग किल्ल्याभोंवतालचा व किनाऱ्यालगतचा २९.१२२ चौरस किलोमीटरचा प्रदेश सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला; त्यांतील ३.१८२ चौरस किलोमीटर हा गाभा. तेथें प्रवाळ आहे, नाना जातींचें समुद्रशेवाळ आहे. तो प्रदेश जपण्याजोगा आहे यांत शंका नाहीं. परंतु वाघासाठीं केलेल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्याची चौकट समुद्रावर बसविण्यांत आली, आणि त्या पाण्यांतून ज्यांच्या होड्या रोज ये-जा करीत त्यांनीं आपणांस विश्वासांत घेतलें नाहीं अशी तक्रार केली. विरोध इतका झाला कीं अभयारण्य बराच काळ कागदावरच राहिलें. मच्छीमाराच्या दृष्टीनें पाहतां यांतील विपरीतपणा उघड आहे. बाहेर मोठ्या नौका त्याच्या समुद्राचा तळ खरवडीत होत्या, आणि आंत त्यासच समुद्राचा शत्रु समजून रेषा आंखल्या जात होत्या. एकानें विकासाच्या नांवानें त्यास विचारलें नाहीं, दुसऱ्यानें रक्षणाच्या नांवानें.

मच्छीमारानें तक्रार करावी, अर्ज करावे, किनाऱ्यावर जमाव जमवावा, प्रसंगीं हातघाईवर यावें, आणि सरकारनें समिति नेमावी, असा क्रम पुढें अनेक वर्षें चालला. केरळांतील पर्ससीन-बंदी १९९३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें उचलून धरली, आणि पारंपरिक मच्छीमारांच्या उपजीविकेचें रक्षण हें बंदीस योग्य कारण मानलें. महाराष्ट्रांत डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालाच्या आधारें ५ फेब्रुवारी २०१६ रोजीं आदेश निघाला. त्यानें पर्ससीनचे परवाने टप्प्याटप्प्यानें १८२ पर्यंत खालीं आणण्याचें ठरलें, आणि हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा मर्यादित झाला. २०१७ सालीं केंद्र सरकारनें प्रखर विजेच्या दिव्यांनीं मासे गोळा करून पकडण्यास बंदी केली. २०२१ सालीं राज्यानें दंडाच्या रकमा लाखांवर नेल्या. अहवालांतून जें निष्पन्न झालें तें मालवणचा रापणकर पूर्वींपासून सांगत होता: मासा संपत चालला आहे, लहान पिलें मारलीं जात आहेत, विणीस वेळ द्या. शास्त्रानें त्याचें म्हणणें खोटें ठरविलें नाहीं. मध्यें वर्षें मात्र गेलीं.

अशीं वर्षें गेल्यावर काय होतें, याचें उदाहरण कॅनडांतील न्यूफाउंडलंड बेटानें दिलें आहे. तेथील किनाऱ्यालगतचे लहान मच्छीमार १९८० नंतरच्या दशकांत कॉड मासा घटत असल्याचें कळवीत होते. सरकारी शास्त्रज्ञांचे आंकडे मोठ्या ट्रॉलरांच्या पकडीवर फार अवलंबून होते, आणि ते सर्व ठीक असल्याचें सांगत. मोठ्या नौकांस शेवटचा थवाही शोधून काढतां येतो, म्हणून त्यांची पकड शेवटपर्यंत कमी होत नाहीं, हें तेव्हां पुरतें उमगलें नव्हतें. २ जुलै १९९२ रोजीं सरकारास कॉडची मासेमारी बंद करावी लागली. हजारों कुटुंबांचा धंदा एका दिवसांत बुडाला, आणि ती बंदी ३० वर्षांहून अधिक काळ टिकली. ज्यांचें ऐकलें नाहीं त्यांचेंच घर आधीं बुडालें. अन्यायाचें याहून स्पष्ट चित्र आम्हांस ठाऊक नाहीं.

येथें कोणी असा आक्षेप घेईल कीं जुन्याच्या प्रेमानें आम्ही रापणीचें स्तोत्र गात आहों. तो आक्षेप अगदींच निराधार नाहीं. रापणीच्या जाळ्यांतही लहान पिलें सांपडतात. बाजारांत मासळी विकून घर चालविणाऱ्या स्त्रीस, तिच्या श्रमावर सर्व हिशेब उभा असूनही, रापणीच्या बैठकींत बोलण्याचा अधिकार बहुधा नसे. यांत्रिक नौकांचे सर्व मालक परके नाहींत. कित्येक वेळां एकाच वाडींतील दोन घरें दोन बाजूंस आहेत, आणि कर्ज काढून घेतलेल्या नौकेचा हप्ता भरणाऱ्यालाही पोट आहे. शिवाय ज्या वाळूवर रापण ओढावयाची त्या वाळूवर आतां पर्यटकांच्या खुर्च्या आल्या आहेत. जुनें सर्व तसेंच परत आणावें असें म्हणणें शक्य नाहीं, आणि आमचें तें म्हणणेंही नाहीं.

आमचें म्हणणें इतकेंच कीं निर्णय घेणाऱ्यांच्या पंक्तींत त्यांस पाट मांडून मिळावा. तसें झालें म्हणजे काय होऊं शकतें याचीं लहान कां होईनात, पण उदाहरणें याच जिल्ह्यांत आहेत. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडींत मच्छीमार स्त्रियांच्या ‘स्वामिनी’ गटानें कांदळवनांतून होडीनें प्रवाशांस हिंडविण्याचें काम कांहीं वर्षांपूर्वीं सुरू केलें; वल्हें त्यांच्या हातीं, आणि झाडांची ओळख करून देणाऱ्याही त्याच. लहान पिलें निसटून जावींत म्हणून ट्रॉलरच्या जाळ्यास चौकोनी आसाचा भाग बसविण्याचा प्रयोगही शास्त्रज्ञ व नौकावाले यांनीं या जिल्ह्यांत केला. यांत शास्त्र आहे आणि परंपराही आहे. दोघांस एका होडींत बसतां येतें हें त्यावरून दिसतें.

त्या म्हाताऱ्याच्या वाक्याकडे आम्ही पुन्हां वळतों. अर्धा तास दोर ओढला म्हणून त्यानें आम्हां परक्या माणसास चार बांगडे दिले, आणि ते न घेणें हा त्याच्या हिशेबांत अन्याय ठरला असता. ज्यांनीं पिढ्यान् पिढ्या तो दोर ओढला, त्यांचा समुद्राच्या व्यवस्थेंतील वांटा आमच्या कायद्यांनीं, योजनांनीं आणि ग्रंथांनीं अद्याप पुरता त्यांच्या हातीं दिलेला नाहीं. त्याची आठवण सरकारास करून देणारे अनेक आहेत. आम्हां शिक्षकांस निदान एवढें करतां येईल कीं पुढच्या सुटींत मुलांस घेऊन सिंधुदुर्ग पाहावयास गेलों, तर किल्ल्याची तटबंदी दाखवून झाल्यावर होडीवाल्याजवळ दोन घटका बसावें, पाण्याखालचे खडक कोठें आहेत तें त्यास विचारावें, आणि मुलांच्या वह्यांत तें उतरवून घेतांना त्याखालीं त्याचें नांवही लिहावयास सांगावें.